गुमान्याच्या आज्याचं नाव

निवृत्त माणसाला लोक दोन गोष्टी विचारतात: तब्येत कशी आहे आणि नोकरीत काय करत होतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, गुडघे गेले. दुसऱ्याचं द्यायला बसलो की समोरचा माणूस चहा संपवून उठतो. कारण खरं उत्तर असं, की मी सातपुड्यात पायी फिरून लोकांना त्यांच्या आज्याचं नाव विचारत होतो. झालं, एवढंच. संपादकांनी 'अनुभव लिहा, पण भाषण नको' अशी तंबी दिली आहे. म्हणून नेमणूक, बढती, बदली हे सगळं वगळतो आणि एका पाड्याची हकीकत सांगतो. तीत माझी शोभा होणार आहे. होऊ दे, आता या वयात कोण मला नोकरीवरून काढणार?

तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चाले. मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या केळीत आणि उसात डोंगरातली पावरा माणसं कामाला येत. त्यांच्यात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे पावरी बोली मला न शिकता आली. मराठी शाळेनं दिली, इंग्रजी कॉलेजनं जेमतेम दिली. एवढ्या भांडवलावर बाईंनी मला दुभाषी आणि लेखनिक म्हणून ठेवून घेतलं.

बाई म्हणजे मिस वॉल्टर्स, अमेरिकेच्या. उंच, उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या, पायात पुरुषी बूट. मराठी त्यांनी पुस्तकातून पाठ केली होती आणि पुस्तकात सगळे एकमेकांना 'आपण' म्हणत असावेत. तळोद्याच्या बाजारात एकदा त्या बकरीला म्हणाल्या, "आपण जरा बाजूला व्हा." बकरी झाली की बाजूला! बाजारात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

इथं येण्याआधी बाईंनी आपल्या देशात पिमा आणि मॅरिकोपा या दोन जमातींचा इतिहास गोळा करण्यात बरीच वर्षं घालवली होती. आपल्याकडे ही नावं कोणी ऐकलेली नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. वाळवंटातून वाहणारी हिला नावाची नदी आहे. तिच्या काठी पिमा लोक पाट काढून शेती करत. पश्चिमेकडून शत्रूंनी पिटाळलेले मॅरिकोपा तिथं आले, तेव्हा पिमांनी त्यांना शेजारी जागा दिली. दोघांच्या भाषा अगदी वेगळ्या, पण लढाई आली की दोघं एका बाजूला. पुढे वरच्या अंगाला गोऱ्यांनी नदीचं पाणी वळवलं आणि या शेतकऱ्यांची शेतं वाळून गेली. पिमांकडे लिपी नव्हती. काही म्हातारे एका काठीवर दर वर्षाची खूण कोरत आणि काठी हातात धरून बोट फिरवत सगळा इतिहास सांगत. म्हातारा मेला की ती काठी दुसऱ्याला वाचता येत नसे. बाई हे सांगताना हातातली पेन्सिल काठीसारखी धरून बोट फिरवायच्या.

सातपुड्यात त्या आल्या त्या भिल्ल आणि पावरा यांच्यासाठी. दोन जमाती, दोन बोली, एकाच डोंगरावर शेजार. हे बघून त्यांना आपल्या पिमा-मॅरिकोपांची आठवण झाली असणार. आमचा जीपवाला रामदास नंदुरबारचा, त्याला मात्र हे काही केल्या पटेना. तो मला खासगीत अहिराणीत म्हणायचा, "पाटील, तुन्ही बाई लोकेसना आजाना नाव इचाराकरता इतल्या दूर उनी? तिना घर काही काम नई शे का?" मी त्याला संशोधनाचं महत्त्व समजावून सांगायचो. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपायचा.

काम असं असे. पाड्यात जायचं, खाटेवर बसायचं, पाणी प्यायचं. मग घराघराची वंशावळ काढायची. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, पोरांना उभी. वही पाहून लोक बिचकतात, म्हणून मी आधी मातीत खडे मांडायचो आणि मग ते वहीत उतरवायचो. बाईंचे नियम दोन. पहिला: माहिती मिळाली नाही, तर 'नाही' असं लिहायचं नाही, का मिळाली नाही ते लिहायचं. दुसरा: एका जमातीचा इतिहास दुसरीलाही विचारायचा. बाई म्हणत, "पिमा लोक मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. पण शेजारच्या मॅरिकोपाला त्यांच्या मेलेल्यांचं नाव घ्यायला कोण अडवतो?" मी मान डोलवून दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्या पानाचं फार कौतुक झालं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटत. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या एका मारवाडी शेठजींना कळलं की गोरी बाई लोकांचा इतिहास लिहिते. त्यांनी आम्हाला पेढीवर बोलावून घेतलं. म्हणाले, "आदिवास्यांचा लिहिता, आमचा का नाही? आमचे भाट दर दोन-तीन वर्षांनी राजस्थानातून वंशावळीची वही घेऊन येतात." आणि मिरचीच्या पोत्यांमध्ये बसून त्यांनी बापापासून मागे चौदा पिढ्या एका दमात म्हणून दाखवल्या. मला ठसका लागला म्हणून दहाव्या पिढीला जरा थांबले, एवढंच. बाहेर पडल्यावर मी बाईंना म्हटलं, "काम असं हवं. पंधरा मिनिटांत चौदा पिढ्या!" बाई जीपकडे चालू लागल्या.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तोरणमाळच्या उतारावर, नर्मदेकडच्या अंगाला एक पाडा होता. पंधरा-वीस घरं पावऱ्यांची. पलीकडच्या टेकडीवर दोन-तीन घरं भिल्लांची. पाड्यातला वडीलधारा माणूस गुमान्या. अंगानं काटक, बोलायला हळू, आणि आलेल्या माणसाला मक्याची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू न देणारा. त्याची बहीण रेलीबाई विधवा होऊन भावाकडे राहायची, तिची जीभ म्हणजे नुसता कोयता. नाल्याकाठी गुमान्याचं एक शेत होतं. त्याच्या आज्यानं झाडोरा काढून, दगडांच्या ताली, म्हणजे बांध, घालून ते केलेलं. सगळं घर त्याच शेतावर जगत होतं.

आम्ही गेलो ते थंडीचे दिवस होते. गुमान्याच्या घरी मी खडे मांडले. बापाचं नाव त्यानं लगेच सांगितलं. "आणि त्याचा बाप?" मी विचारलं. गुमान्यानं खड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते नाही." मी म्हटलं, "माहीत नाही?" तो म्हणाला, "नाही." त्या दिवशी अजून अकरा घरं व्हायची होती आणि उतरणीला रामदास हॉर्न वाजवत होता. मी वहीत लिहिलं: 'वडिलांपलीकडे पूर्वज माहीत नाहीत.' अंगणाच्या कडेला दाज्या नावाचा म्हातारा भिल्ल चिलीम ओढत बसला होता. पलीकडच्या टेकडीवरचा, जन्मभर याच लोकांची गुरं राखलेला. त्याला विचारायचं डोक्यातही आलं नाही, कारण तो 'या पाड्याचा नव्हता'. संध्याकाळी बाईंनी वही पाहून विचारलं, "का माहीत नाही, हे विचारलं का?" मी म्हटलं, "हो, विचारलं." धडधडीत खोटं बोललो. आज लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, गुमान्याला नोटीस आली. नाल्याकाठचं शेत जंगलाच्या हद्दीत येतं, हक्क असेल तर भाद्रपदात तळोद्याच्या कॅम्पात हजर राहून दाखवावा. मी त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि छाती फुगवून म्हणालो, "काका, घाबरू नका. तुमचा अख्खा पाडा माझ्या वहीत आहे. यापेक्षा मोठा पुरावा कुठला?" त्याच आठवड्यात मी त्या वंशावळीची स्वच्छ नक्कल काढली, सही ठोकली आणि तळोद्याला नेऊन दिली. कोणी मागितली नव्हती. आपण होऊन दिली.

हक्क तपासणाऱ्या तिथल्या साहेबांनी ती माझ्यासमोरच वाचली. माणूस सज्जन होता, आवाज न चढवणारा. म्हणाले, "पाटील, हद्दीचे दगड बसले तेव्हा या गुमान्याचा बाप पोरगा होता म्हणे. त्या वेळी डोंगरात कसणाऱ्या माणसांची यादी केली होती, ती माझ्याकडे आहे. आज्याचं नाव तिच्यात निघालं तर शेत त्याचं, मी अडवणार नाही. पण तुम्ही तर लिहिलंय की आजा माहीत नाही."

मी तिथून निघालो. तसाच चिखल तुडवत पाड्यावर गेलो आणि गुमान्याला म्हटलं, "आज्याचं नाव सांगा, काम होतं." पुन्हा म्हटलं. तो उठून गोठ्यात गेला. तेव्हा रेलीबाई माझ्यावर तुटून पडली. तिचं बोलणं पावरीतलं, मी मराठीत देतो, धार थोडी कमी होईल.

"तू शिकलेला ना रे? आमच्या हातची भाकर खाल्लीस, आणि एवढं ठाऊक नाही? आजा अजून बसवलेला नाही!"

मग तिनं सांगितलं ते असं. त्या पाड्याच्या रीतीप्रमाणे माणूस मेला म्हणजे लगेच पूर्वज होत नाही. पुढे ऐपतीप्रमाणे भावकी जमवायची, कोरलेला लाकडी खांब उभा करायचा, बोकड कापायचा, मोहाच्या दारूची धार सोडायची. याला 'बसवणं' म्हणत. बसला की तो घराण्याचा राखणदार, त्याचं नाव खुशाल घ्यावं. तोवर मात्र घरच्यांनी किंवा पाड्यातल्या कोणीही त्याचं नाव काढायचं नाही. काढलं तर तो हाक ऐकून घरी येतो आणि ज्यानं नाव घेतलं त्याच्या पोराबाळांना आजारपण लागतं. गुमान्याचा बाप इथंच जन्मला, त्याला पाड्याच्या भावकीनं बसवलं होतं. आजा मात्र नर्मदेपलीकडून आलेला. त्याला बसवायला पलीकडची भावकी यायला हवी. तो मेला छपन्याच्या, म्हणजे १९०० सालाच्या सुमाराच्या, मोठ्या दुष्काळात. तेव्हा जिवंत माणसांनाच खायला नव्हतं, खांब कोण उभा करणार? पुढे ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

"नाव माहीत नाही म्हणे!" रेलीबाई म्हणाली. "रोज भाकर मोडताना आठवतो तो आम्हाला."

मी लाज गुंडाळून ठेवून विचारलं, "मग दाज्याला विचारू? तो भिल्ल आहे, त्याला तुमची बंदी नाही." ती म्हणाली, "विचार जा. वैशाखात मेला तो. त्याच्या बापानं आणि आमच्या आज्यानं मिळून त्या ताली घातल्या. त्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या पोरांना नाही. तू आलास तेव्हा तुझ्यापासून चार हातांवर बसला होता."

मी बाईंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं, थंडीतल्या खोट्यासकट. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "आता किती दिवस आहेत?" सुनावणीला बावीस दिवस होते.

गुमान्याच्या घरात ठरलं की आज्याला आताच बसवायचं. बसवला की नाव मोकळं. मका हाताशी आला होता, बोकड भावकीनं दिला, खांबाचं लाकूड पाड्यानं एका दिवसात आणलं. उरलं पलीकडच्यांना बोलावणं. तिकडे आमंत्रण द्यायचं ते दोरीनं. जितके दिवस राहिलेत तितक्या गाठी मारायच्या. ज्याच्याकडे दोरी जाईल त्यानं रोज एक सोडायची, शेवटची सुटेल त्या दिवशी हजर व्हायचं. रेलीबाईनं तीन दोऱ्यांना बारा-बारा गाठी मारल्या. बाई शेजारी बसून बघत होत्या. गाठींची मोजदाद चुकू नये म्हणून त्यांनाही एका दोरीवर बोट फिरवायला दिलं, तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

पण नर्मदेनं ऐकलं नाही. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. दोऱ्या घेऊन गेलेली दोन माणसं काठावर चार दिवस बसून राहिली. पलीकडची घरं दिसत होती, धूर दिसत होता. माणसांनी हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार? पाचव्या दिवशी दोऱ्या तशाच्या तशा घेऊन ती परत आली. मी तळोद्याला जाऊन तारीख पुढे मागितली. साहेबांनी पंधरा दिवस वाढवून दिले. नदीला पंधरा दिवसांचं काय?

सुनावणीच्या दिवशी गुमान्या धुतलेलं धोतर नेसून आला होता. कॅम्पात टेबल, त्यावर यादीचं जुनं बाड. साहेब म्हणाले, "बाबा, मला बाकी काही नको. तुमच्या आज्याचं नाव फक्त सांगा." मी पावरीत सांगितलं. गुमान्या टेबलाकडे बघत उभा राहिला. साहेबांनी पुन्हा विचारलं. घरात सुनेला दिवस गेलेले होते, हे मला ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं. मी मध्ये पडलो, रीत समजावून सांगितली, माझी नोंद चुकीची आहे म्हणालो. साहेब म्हणाले, "तुम्ही तेव्हा लिहिलंत ते खरं धरू, की आता बोलताय ते?" मग बाई उभ्या राहिल्या. माझ्या देशातल्या पिमांमध्येही असंच आहे, मी बरीच वर्षं पाहिलंय, असं त्यांनी इंग्रजीत कळकळीनं सांगितलं. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ते अमेरिकेत."

मला वाटलं आता यादी मोठ्यानं वाचतील, गुमान्या नुसती मान हलवेल. तसं मी सुचवलंही. साहेब म्हणाले, "मी नावं वाचायची आणि त्यानं एक निवडायचं? मग उद्या प्रत्येक जण येऊन निवडेल." यात त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गुमान्या म्हणाला, "शेत त्यानं केलं. त्या शेतापायी मी त्याला उघड्यावर ओढणार नाही." मी ते शब्दशः भाषांतर करून सांगितलं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चोख भाषांतर असेल ते. साहेबांनी 'पुरावा नाही' असं लिहिलं. उभं पीक काढून घेण्याची मुभा दिली.

मार्गशीर्षात नर्मदा उतरली. पलीकडची भावकी आली, आणि शेत गेलेलं असूनही गुमान्यानं आज्याला बसवलं. खांब उभा राहिला, ढोल झाला, धार सोडली, आणि मग गुमान्यानं नाव उच्चारलं. आधी पुटपुटल्यासारखं, मग मोठ्यानं. मागून सगळ्या पाड्यानं. रेलीबाई तर भांडल्यासारखी ओरडत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. गुमान्या माझ्याकडे वळून म्हणाला, "आता लिही, भाऊ. आता मोकळा झाला तो." मी लिहिलं. त्रिकोण काढला, त्याला खाली उभी रेघ जोडली.

दुसऱ्या दिवशी मी तळोद्याला गेलो. मी नाव सांगितलं, साहेबांनी बाड काढलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आज्याचं नाव, त्याखाली नाल्याची खूण. त्याच्या खालच्याच ओळीत दाज्याच्या बापाचं. साहेबांनी बाड मिटलं. मग म्हणाले, "मुदत गेली, पाटील. आणि तिथं सागाचे खड्डे खणून झालेत." माझ्या हातून झालेलं हे नुकसान कशानंही भरून निघणारं नव्हतं, हे मला तिथंच कळलं.

गुमान्याला सांगायचं की नाही, यावर मी आणि बाई रस्ताभर बोललो. बाई म्हणाल्या, सांगायचं. आम्ही गेलो तेव्हा तो दुसऱ्याच्या खळ्यावर ज्वारी झोडपत होता. मी म्हटलं, "काका, नाव यादीत निघालं. पहिल्यापासून होतं."

त्यानं हातातली काठी खाली ठेवली. कपाळावरचा घाम पुसला. रागावला नाही, खरंच कळत नसल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांना माझा आजा ठाऊक होता?" तो म्हणाला. "मग मला कशाला विचारलं?"